रोबोची गोष्ट लिहिणारे कारेल चापेक

'रोबो' हा शब्द आपण टीव्हीवर, सिनेमात नेहमी ऐकतो. पण तो आला कुठून, ठाऊक आहे का? तो एका नाटकातून आला. ते नाटक लिहिणारे कारेल चापेक यांची माहिती मी आज सांगणार आहे.

चापेक यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी आजच्या चेक देशात एका लहान गावी झाला. वडील डॉक्टर होते. थोरला भाऊ योसेफ चित्रकार. दोघा भावांचं चांगलं जमायचं. कारेल यांना तरुणपणीच पाठीच्या कण्याचा आजार जडला. पण ते बसून राहिले नाहीत. वर्तमानपत्रात काम केलं, नाटकं लिहिली, बागेत राबले. घरच्या कुत्रीच्या पिल्लावर त्यांनी मुलांसाठी पुस्तकही लिहिलं.

१९२० साली त्यांनी 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं. त्यात एका कारखान्यात कृत्रिम कामगार तयार करतात. त्यांना नाव काय द्यावं? योसेफ तेव्हा चित्र काढत होते. तोंडात कुंचला तसाच धरून त्यांनी 'रोबोट' हे नाव सुचवलं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी!

हे रोबो लोखंडाचे नव्हते बरं का! पीठ मळावं तसा लगदा मळून त्यांचं शरीर बनवायचे. दिसायला हुबेहूब माणूस. सगळी कामं तेच करू लागले आणि माणसं आयतं खाऊ लागली. शेवटी रोबोंनी बंड केलं, माणसं मारली. एकालाच जिवंत ठेवलं. तो बांधकाम करणारा होता. तोही त्यांच्यासारखा हातानं काम करायचा, म्हणून.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता वेगळी आहे. फोनवर आपल्याला उत्तर देणारीला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. मोठमोठ्या संगणकांत चालणारं ते गणित आहे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वापरून तिला शिकवतात. कोणत्या शब्दामागं कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधून ती वाक्य जुळवते. अंदाज चुकला तरी उत्तर थाटात देते! म्हणून ते पडताळून बघावं.

एक गोष्ट मात्र सारखी आहे. दोन्ही माणसाचे कष्ट वाचवायला केलेली. माझे आजोबा बार्शीच्या कापडगिरणीत कामाला होते. आई सुगीत ज्वारी काढायला जाते. सगळी कामं यंत्रांनी केली तर आपण काय करायचं, असं ती विचारते. चापेकांनाही हीच काळजी होती. कष्ट वाचले तर त्याचा फायदा कष्ट करणाऱ्यालाही मिळाला पाहिजे, असं मला वाटतं.

चापेक यांनी हिटलरविरुद्ध न भिता लिहिलं. २५ डिसेंबर १९३८ रोजी न्यूमोनियानं ते वारले. योसेफ यांना नाझींनी छळछावणीत डांबलं. तिथेच १९४५ साली त्यांचा अंत झाला.

मित्रांनो, गृहपाठ फोनला विचारून उतरवू नका. आपलं डोकं आणि आपले हात चालू ठेवा. हाच धडा मला चापेक यांच्याकडून मिळाला.

— इयत्ता सातवी