इटलीचा पंतप्रधान झालेल्या बॅरननं कियांती वाईनचं सूत्र दिलं, पण पुढच्यांनी ते अर्धंच वाचलं

हिमायतनगर, म्हणजे जुनं वाढोणा. नांदेड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव निजामाच्या राज्यात होतं आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आलं. त्यामुळे एखादं राज्य देशात विलीन होणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

असंच एक विलीनीकरण घडवणारा माणूस इटलीत होऊन गेला. त्याचं नाव बेत्तीनो रिकासोली.

इटलीच्या एकीकरणातली तीन नावं आपल्याला शाळेपासून माहीत असतात. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर. मॅझिनी तर सावरकरांच्या १९०७ च्या पुस्तकामुळे मराठी घराघरात पोचला. रिकासोली मात्र राहून गेला.

त्याचा जन्म ९ मार्च १८०९ चा, फ्लोरेन्सचा. घराणं बडं, टस्कनीतला ब्रोलिओचा किल्ला ११४१ पासून त्यांच्याकडे. पण आई-वडील लवकर गेले आणि वारशात जमिनीबरोबर कर्जही आलं. धाकट्या भावांची जबाबदारीही त्याच्याच अंगावर पडली.

१८३० मध्ये त्याचं ॲना बोनाकोर्सीशी लग्न झालं. पुढं तो शहर सोडून ब्रोलिओला राहायला गेला. आख्यायिका अशी की, एका मेजवानीत कुणी तरुण बायकोशी जरा जास्तच वेळ नाचला, म्हणून बॅरननं तिला त्याच रात्री बग्गीत बसवून थेट किल्ला गाठला. खरंखोटं काहीही असो, कर्ज फेडायचं तर जमिनीवर बसून शेती करणं भागच होतं.

त्यानं मग द्राक्षाचाच नाद घेतला. फ्रान्सला जाऊन तिथली वाईन कशी बनते ते पाहिलं आणि ब्रोलिओत वेगवेगळ्या वाणांवर ३० वर्षं प्रयोग केले.

मधल्या काळात राजकारण पेटलं. २७ एप्रिल १८५९ ला टस्कनीचा ग्रँड ड्यूक राज्य सोडून गेला आणि सरकारची सूत्रं रिकासोलीकडे आली. टस्कनी वेगळी ठेवावी असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण तो हटला नाही. मार्च १८६० मध्ये सार्वमत झालं. विलीनीकरणाच्या बाजूनं ३ लाख ६६ हजारांहून जास्त मतं पडली, विरोधात १५ हजारसुद्धा नाहीत.

जून १८६१ मध्ये काव्हूर अचानक वारला आणि रिकासोली इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. १८६६ मध्ये पुन्हा एकदा झाला. दोन्ही वेळा वर्षभरसुद्धा टिकला नाही, कारण तडजोड त्याच्या स्वभावातच नव्हती. लोक त्याला लोखंडी बॅरन म्हणायचे.

१८७२ मध्ये त्यानं पिसा विद्यापीठाच्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्र लिहून आपल्या प्रयोगांचं सार कळवलं. सांजोवेसे हे मुख्य द्राक्ष, वास आणि जोर त्याचा. कानायोलो त्याचा कडकपणा कमी करतं. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं की वाईन हलकी होते, रोजच्या जेवणात लगेच प्यायला चांगली. पण वाईन मुरवायची असेल तर मालवाझिया टाळलेलंच बरं.

२३ ऑक्टोबर १८८० ला ब्रोलिओतच तो गेला.

घोळ झाला तो नंतर. १९६७ मध्ये कियांतीचे सरकारी नियम ठरले आणि त्यात १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली गेली. पत्रातला शेवटचा भाग बाजूलाच राहिला. वाईन पातळ झाली, नाव खराब झालं. काही चांगल्या उत्पादकांनी तर कियांती हे नावच सोडून दिलं. शेवटी २००६ च्या हंगामापासून कियांती क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांवर बंदी आली. बॅरनचं म्हणणं पटायला १३४ वर्षं लागली.

हेच सांजोवेसे आज आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला पिकतं. तिथल्या फ्रातेल्ली वाईन्सनं टस्कनीचे वाईनमेकर पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली हा वाण लावला. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ.

आता ही वाईन कडक का लागते? त्यात आंबटपणा जास्त असतो आणि द्राक्षाच्या सालीतून, बियांतून टॅनिन उतरतं. कोरा, जास्त उकळलेला चहा प्यायल्यावर जीभ जशी कोरडी पडते, तोच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून असं होतं. सोबत मटण किंवा चीज असलं की टॅनिन त्यातल्या प्रथिनांनाही धरतं आणि घोट मऊ लागतो. टस्कनीत ही वाईन भाजलेल्या मांसाबरोबर घेतात ती याचसाठी. टोमॅटोचा आंबटपणाही तिच्याशी जुळतो.

मराठवाड्यातलं झणझणीत मटण मात्र अडचण करतं. तिखटानं तोंड भाजलेलं असताना टॅनिन आणि अल्कोहोल आणखी टोचतं. त्यापेक्षा मिरची कमी, खडा मसाला जास्त असं सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी हा जोड बरा. आणि रेड वाईन घरातल्या तापमानाला प्यायची हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. नांदेडच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवून, १६ ते १८ अंशांवर आणूनच उघडावी.

रिकासोलीची पंतप्रधानकी इटलीतही फारशी कुणाच्या लक्षात नाही. त्याच्या पत्रातलं सांजोवेसे मात्र अकलूजपर्यंत येऊन पोचलंय.