हिरव्या कुरणांची राखणदार

एकोणिसाव्या शतकात लंडन शहर झपाट्याने वाढत होते. कारखान्यांच्या धुराड्यांतून धुराचे लोट उठत आणि पोटासाठी शहरात आलेली कुटुंबे अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहत. तेथील मुलांना झाडाची सावली आणि पाखरांची किलबिल दुर्मीळ झाली होती. या मुलांना उघडे आकाश लाभावे म्हणून जिने आपले आयुष्य वेचले, तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल.

ऑक्टेव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधील विसबीच या गावी झाला. तिचे वडील धान्याचे व्यापारी होते. पण ती अगदी लहान असतानाच त्यांचे दिवाळे निघाले आणि त्या धक्क्याने त्यांची प्रकृती ढासळली. संसाराचा भार आईवर पडला. आईचे वडील साऊथवुड स्मिथ हे नामांकित डॉक्टर होते. गरीब वस्त्यांतील रोगराई हटवायची, तर स्वच्छता हवी, हे सरकारला पटवून देण्यासाठी ते झटत. त्यांच्या सहवासात ऑक्टेव्हियाला दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची दृष्टी मिळाली.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती कामाला लागली. खेळणी तयार करणाऱ्या गरीब मुलांवर देखरेख करणे, हे तिचे काम. सवड मिळताच ती या मुलांना शहराबाहेरच्या कुरणांत फिरावयास नेई. तेथे त्यांचे मलूल चेहरे कसे खुलतात, हे तिने पाहिले होते.

१८६५ साली विख्यात लेखक जॉन रस्किन यांनी तीन मोडकळीस आलेली घरे घेऊन तिच्या हाती सोपविली. तिने ती दुरुस्त करविली. ती स्वतः दर आठवड्याला भाडे घेण्यास जाई व बिऱ्हाडकरूंची विचारपूस करी. पण खोली कितीही झाडून पुसून लख्ख केली, तरी मुलांनी खेळावे कोठे? तिने वस्तीत मुलांसाठी क्रीडांगण करविले व तेथे झाडे लावली.

शहराच्या वायव्येस स्विस कॉटेज नावाची विस्तीर्ण कुरणे होती. तेथे घरे बांधण्याचा बेत ठरत आहे, हे समजताच ऑक्टेव्हियाने कंबर कसली. जमीन विकत घेऊन ती सर्वांसाठी मोकळी ठेवावी, म्हणून तिने लोकांपुढे झोळी पसरली. हजारो पौंड जमत आले. पण १८७५ मध्ये मालकांनी विचार बदलला. कुरणे गेली आणि त्यांच्या जागी रस्ते व घरे उभी राहिली.

हा घाव मोठा होता. परंतु ती खचली नाही. मालकाच्या मर्जीवर हिरवळ टिकत नाही, ती लोकांच्याच मालकीची झाली पाहिजे, हा धडा तिने घेतला. तिची बहीण मिरांडा हिने स्थापन केलेल्या कर्ल सोसायटीत ती काम करू लागली. वापरात नसलेल्या दफनभूमींत या संस्थेने फुलबागा फुलविल्या. हॅम्पस्टेडच्या माळाला लागून असलेली पार्लमेंट हिल ही टेकडी वाचविण्यासाठी अनेक मंडळी झटली. त्यांत ऑक्टेव्हिया अग्रभागी होती. १८८९ मध्ये ती टेकडी जनतेसाठी राखली गेली.

पुढे कायदेपंडित रॉबर्ट हंटर व धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली यांच्या साहाय्याने तिने १८९५ साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी वेल्समधील समुद्रकाठच्या एका टेकडीवरील साडेचार एकर जमीन संस्थेला दान मिळाली. १८९९ मध्ये संस्थेने विकन फेन येथील पाणथळीचा दोन एकरांचा तुकडा अवघ्या १० पौंडांना घेतला. तेथील कीटकांना, पाखरांना व वनस्पतींना निर्धास्त घर मिळाले. १९०२ मध्ये एका सरोवराकाठचे रान विकत घेण्यासाठी संस्थेने वर्गणी गोळा केली. तेव्हा श्रीमंतांप्रमाणेच कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांनीही आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून मदत धाडली. १९०७ मध्ये कायदा झाला आणि संस्थेने कायमच्या राखलेल्या जमिनी विकता येणार नाहीत, असे ठरले. स्विस कॉटेजचे शल्य आता दूर झाले.

१३ ऑगस्ट १९१२ रोजी ऑक्टेव्हिया हिलने देह ठेवला. केंट परगण्यातील क्रॉकहॅम हिल या खेड्यात तिला चिरविश्रांती मिळाली. साडेचार एकरांपासून आरंभ केलेल्या तिच्या संस्थेकडे आज सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन आहे.

पार्लमेंट हिलवर आजही वारा सुटला की मुले पतंग उडवितात. त्यांतील कित्येकांना ऑक्टेव्हियाचे नावही ठाऊक नसेल. पण त्यांच्या पायांखालची हिरवळ आणि माथ्यावरचे मोकळे आकाश टिकावे म्हणूनच ती जन्मभर झिजली होती.