अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारताच्या बहुतेक प्रांतांत सरकारी दप्तरात आणि लोकांच्या तोंडी इतका रुळला आहे, की तो कोणी घडविला असेल असा विचारही सहसा कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा साठ वर्षे चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी ताराबाई मोडक यांची नीट ओळख असावयास हवी. कारण या मराठी बाईंच्या कार्याची जडणघडण पुण्या-मुंबईत झाली नाही. ती सौराष्ट्रात, गुजराती मुलांच्या सहवासात झाली.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, 19 एप्रिल 1892 चा. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थनासमाजाच्या वातावरणातले, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी आणि पुढचा मार्ग स्वतःच आखावयाचा, अशा अवस्थेत त्या राजकोटला आल्या आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार होता, मान होता, आणि एकट्या स्त्रीला त्या काळी दुर्लभ असलेली सुरक्षितताही होती.

ते सारे सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या एकेकाळच्या वकिलाने 1920 साली बालमंदिर उघडले होते. मुलांना मारू नये, धाक दाखवू नये, त्यांच्या हातांना काम द्यावे, हे आज आपण सहज बोलतो. तेव्हा ते बोलणे वेडेपणाचे वाटे. ताराबाईंनी या वेडात सुमारे नऊ वर्षे घालविली. गुजराती त्यांनी अशी आत्मसात केली, की गिजुभाईंबरोबर त्या त्या भाषेत लिहू लागल्या, ‘शिक्षण-पत्रिके’चे काम पाहू लागल्या. 1926 मध्ये उभयतांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परप्रांतात गेल्यावर मातृभाषा जपावी हे आपण नेहमी म्हणतो. ताराबाईंनी ती जपलीच, पण ज्या मुलांत काम करावयाचे त्यांची भाषा आधी शिकावी हा धडाही घालून दिला. आपल्या बालवर्गात आज निम्म्याहून अधिक मुले घरी मराठी न बोलणाऱ्या कुटुंबांतून येतात. म्हणून हा तपशील मला विशेष वाटतो.

पुढे मुंबईस परतल्यावर 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मराठी शिक्षण-पत्रिकाही त्यांनी दीर्घकाळ चालविली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’ यांसारखी त्यांची पुस्तके आईबापांच्या हाती पडू लागली. बालमंदिरातून शिक्षिका तयार होऊ लागल्या. येथेच त्यांचे चरित्र संपले असते, तरी एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञाचे चरित्र म्हणून ते पुरेसे ठरले असते.

परंतु दादरच्या शिशुविहारात येणारे मूल कोणाचे होते? ज्या घरात चार पुस्तके होती, ज्या आईला मुलाकडे पाहावयास थोडी उसंत होती, ज्या बापाला फी परवडत होती, त्या घरचे. ज्याला या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, ते मूल फाटकापर्यंतही पोहोचत नव्हते. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग, इमारत महाग, शिक्षिका महाग. खेड्याने हे कोठून आणावयाचे? गांधीजींच्या विचारांची छाया त्या काळच्या प्रत्येक शिक्षकावर होती, आणि ताराबाईंना हा प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक त्या भागात आधीपासून आदिवासींत काम करीत होते. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवयात वैधव्य आलेली, शिकून शिक्षिका झालेली ही पस्तिशीची बाई ताराबाईंना जन्मभराची सहकारी म्हणून लाभली. दोघींत गुरुशिष्येचे नाते होते, पण प्रत्यक्ष श्रमांचा मोठा वाटा अनुताईंनी उचलला हे येथे नोंदविले पाहिजे. स्मरणिकांतून अशा दुसऱ्या नावाला बहुधा अर्धेच वाक्य मिळते.

डहाणू-उंबरगावचा तो मुलूख तेव्हा धुमसत होता. वेठबिगारीविरुद्ध वारली समाज गोदावरी परुळेकरांच्या साथीने उठला होता तो याच काळात. अशा ठिकाणी मुलांची शाळा काढणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. बालवाडी उघडली, आणि गावातील बऱ्या स्थितीतल्या घरांची मुले आली. हरिजनवाड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले आली नाहीत. सुधारकाच्या मनात अशा वेळी सहज येते, की या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी तो सोपा निष्कर्ष काढला नाही. मूल का येत नाही, हे पाहावयास त्या आणि त्यांच्या शिक्षिका पाड्यावर गेल्या.

आई पहाटेच मजुरीवर गेलेली. मूल उघडे, अंगावर खरूज, केस जटा झालेले. ते सांभाळावयास घरी कोण, तर त्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी बहीण. मूल शाळेत पाठवा असे या घराला सांगून काय उपयोग? तेव्हा शाळाच अंगणात नेण्याचे ठरले. शिक्षिकेने वाड्यावर जावयाचे, एखाद्या घरापुढचे अंगण किंवा झाडाची सावली पाहून मुले जमवावयाची, आणि आरंभ अंघोळीपासून करावयाचा. नखे काढणे, केस विंचरणे, नाक पुसणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. यालाच अंगणवाडी हे नाव पडले. साधने म्हणजे शंखशिंपले, बिया, गोटे, पाने, माती, बांबूचे तुकडे. मॉन्टेसोरीबाईंच्या लाकडी ठोकळ्यांनी बोटांना जे शिकवावयाचे, ते वाळूतल्या शिंपल्यांनीही शिकविता येते, ही ओळख म्हणजे ताराबाईंच्या विद्वत्तेची खरी कसोटी होती असे मी मानते. ती पद्धत ज्याने वरवर शिकली आहे, त्याला साधने सोडवत नाहीत.

अंगणाची निवड केवळ पैशांच्या अडचणीतून झाली असे समजणे चुकीचे होईल. अंगणात आई, आजी, शेजारीण उभी राहून पाहते. खरजेच्या फोडावर औषध कसे लावावयाचे, रडणाऱ्या मुलाला न मारता कसे शांत करावयाचे, हे तिला कोणी व्याख्यान देऊन सांगत नाही. ते तिच्याच दारात, तिच्याच घागरीतल्या पाण्याने होत असते. दुसऱ्या दिवशी शिक्षिका यायच्या आधी एखादे मूल तोंड धुऊन बसलेले असते, आणि ते कोणी धुतले हे विचारावे लागत नाही. बालशिक्षणाचे आजचे अभ्यासक सांगतात, की लहान मुलाच्या वाढीत अडथळा दिसला तर मदत त्याच्या घरी, त्याच्या रोजच्या खाण्यान्हाण्यात आणि खेळण्यात मिसळून द्यावी आणि ती आईबापांच्या हातूनच घडवावी. बोर्डीच्या अंगणात हीच गोष्ट तेव्हा रुजली होती.

पाठीवर भावंड घेतलेल्या त्या बहिणीचा प्रश्न मात्र अंगणवाडीने सुटला नव्हता. तिने शाळेत यावे, तर तान्हे कोणी पाहावयाचे? या पेचातून विकासवाडीची कल्पना निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीने भावंडाला आणावे, पाळण्यात ठेवावे आणि पलीकडच्या वर्गात बसावे. मधल्या वेळी त्याला पाहून यावे. वाचावयास साधी वाटणारी ही योजना सुचावयास प्रथम त्या मुलीला गैरहजर विद्यार्थिनी न समजता कामकरी मूल समजावे लागते. आमच्या शाळेतही एके काळी एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस येत नसे, आणि मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल खुणा करीत राहिले. तिच्या घरी मी गेले ते वर्ष संपताना. दाराशी तिच्या कडेवर वर्षाचे मूल होते. ताराबाईंविषयी तोवर मी परीक्षेपुरते वाचलेले होते.

1957 मध्ये केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तेथे गुरे राखणारी मुले दिवसभर माळावर असत, म्हणून शिक्षकच माळावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत, असे ते दृश्य. जेथे मूल असेल तेथे शाळा, हे सूत्र एकदा हाती आले की पुढचे प्रयोग आपोआप सुचत गेले असावेत. अपयशही पदरी आले असणार. पाड्यावर रोज जाणाऱ्या बाईला मुले जमली नाहीत असे दिवस किती गेले असतील, याची नोंद अहवालात येत नाही.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे देशात आहेत. आहार, लसीकरण, वजनाची नोंद या गोष्टी तेथे होतात आणि त्या मोलाच्याही आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी मूल आता अंगणातून पुन्हा खोलीत गेले आहे. सेविका रजिस्टरे भरण्यात गुंतली आहे, आणि खिचडी वाटून झाल्यावर गाण्यागोष्टींना वेळ उरेलच असे नाही. यात त्या सेविकेचा दोष नाही. तिच्या अल्प मानधनात दहा कामे कोंबली आहेत.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. ताराबाईंच्या पश्चात जवळजवळ दोन दशके, 1992 साली त्यांचे निधन होईपर्यंत, त्यांनी ते काम चालविले. टेकडीवर बालवाडी भरत राहिली, आणि शिक्षिका सकाळी पाड्यांवरून मुलांना घेऊन येत राहिल्या.