मात्रा मोजणारा कवी

शाळेत असताना मला वृत्तांची धास्ती असे. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ होते, बोटांवर गण पाडता येत आणि परीक्षेत गुणही मिळत. पण या आकडेमोडीचा कवितेशी संबंध काय, हे कधी उमगले नाही. छंदशास्त्र म्हणजे कवितेच्या गळ्यातले लोढणे, हा माझा ग्रह पुढे बरीच वर्षे टिकला. तो मोडला 'छंदोरचना' या एका ग्रंथाने.

ग्रंथकर्ते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात त्यांचा जन्म झाला. फारसी आणि इंग्रजीचा अभ्यास करून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवू लागले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्यात यशवंत, गिरीश यांच्याबरोबर तेही होते. मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने महाराष्ट्र दुमदुमून सोडला. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्यांची यथेच्छ टिंगल केली, तीही लोकांनी मिटक्या मारीत वाचली.

पण या प्रेमकवीच्या मनात एक शिस्तप्रिय पंडित दडलेला होता. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आल्या, तर १९३३ मध्ये 'गज्जलांजलि'. गझलेचा काफिया आणि रदीफ मराठी कानाला रुचेल काय, याची चाचपणी त्यांनी सुरेश भटांच्या कितीतरी आधी केली.

'छंदोरचना' १९२७ मध्ये आली आणि १९३७ मध्ये नव्याने विस्तारून निघाली. तिचा पाया अगदी साधा आहे. लघु अक्षराला एक मात्रा, गुरूला दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होते. एवढ्या भांडवलावर मराठी पद्याचे तीन वर्ग उभे राहतात. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त. भुजंगप्रयातात एक लघु, दोन गुरू असा तुकडा चार वेळा येतो. जातीत क्रम मोकळा, पण मात्रांचे आवर्तन सांभाळावे लागते. आणि छंदात लघु-गुरूचा भेदच उरत नाही, अक्षरांची संख्या तेवढी लय धरते. ओवी आणि अभंग या घरचे.

इथे मी थबकलो. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. तिला अक्षरओळख नव्हती. एखादा शब्द लांबवून, एखादा आखडून ती ओळ बरोबर जात्याच्या फेऱ्यात बसवी. आम्ही शिकलेली मुले त्याला नुसते गाणे समजत होतो. या ग्रंथात मात्र मोरोपंतांची आर्या जितक्या गांभीर्याने तपासलेली आहे, तितक्याच गांभीर्याने ओवीही. आजीच्या कानात शास्त्र होते, ते माझ्या बोटांत कधी उतरलेच नव्हते.

१९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पटवर्धनांना मिळाले. 'छंदोरचने'साठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट. दिली. फारसीचा हा प्राध्यापक उत्तरायुष्यात मात्र भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला; जिचा कोश स्वतः रचला, त्याच भाषेतले शब्द मराठीतून वेचून काढू लागला. हा विरोधाभास मला आजही पुरता पचत नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले, तेव्हा वय होते अवघे ४५.

मध्यंतरी तरुणपणी लिहिलेल्या माझ्या कवितांची वही सापडली. मात्रा मोजून पाहिल्या. एकही चुकली नव्हती. मग त्या मोठ्याने वाचल्या. एकही ओळ कानात राहिली नाही. वही मिटली, आणि आजीची एक ओवी आठवते का, ते पाहत बसलो. ती मात्र जात्याच्या घरघरीसकट आठवली.