अकोल्याने घडविलेला विद्यार्थी

कऱ्हाडच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा एक किशोरवयीन मुलगा पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्राचार्य होईल, असे १८७०च्या सुमारास कोणी सांगितले असते, तर त्यावर विश्वास ठेवणे कठीण गेले असते. गोपाळ गणेश आगरकर हे त्या मुलाचे नाव. ‘केसरी’चे पहिले संपादक आणि ‘सुधारक’चे संस्थापक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेला वळण मिळाले ते वऱ्हाडात, अकोल्याच्या शाळेत.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती हलाखीची. आजोळच्या आधाराने कऱ्हाडला थोडेफार इंग्रजी शिक्षण झाले आणि तेथेच ते थांबले. मग कचेरीत उमेदवारी करून पाहिली. शिकण्याच्या ओढीने पायपीट करीत रत्नागिरी गाठली. पण तेथेही निभाव लागला नाही. परत येऊन दवाखान्यात कंपाउंडरी पत्करावी लागली. पोटापुरते मिळवून देणारे हे काम त्या काळच्या गरीब मुलाला वाईट म्हणता आले नसते. अनेकांची शिक्षणाची वाट अशाच एखाद्या नोकरीपाशी कायमची संपत असे. आगरकरांची संपली नाही, कारण नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांना अकोल्याला जाता आले.

त्या वेळचा वऱ्हाड नावाला निजामाचा असला, तरी १८५३पासून कारभार इंग्रजांकडे होता. रेल्वे आली होती, कापसाचा व्यापार वाढत होता आणि अकोला, अमरावती येथे इंग्रजी शाळा मूळ धरू लागल्या होत्या. अकोल्यातून ‘वऱ्हाड समाचार’ हे मराठी वृत्तपत्र निघत होते. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक तेथे होते. आगरकरांपेक्षा अवघ्या पाच वर्षांनी मोठे असलेले महाजनी एम.ए. झालेले होते, १९०७च्या पुण्यातील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले.

या गुरु-शिष्यांची एक हकीकत आगरकरांच्या चरित्रांतून सांगितली जाते. अभ्यासातील ढिलाईबद्दल महाजनींनी एकदा या विद्यार्थ्याला कडक शब्दांत सुनावले. ते शब्द आगरकरांच्या जिव्हारी लागले. गुरूंच्या बरोबरीने एम.ए. होऊन दाखवीन, असा निर्धार त्यांनी तेथल्या तेथे बोलून दाखविला. ज्याच्यापाशी पुढच्या महिन्याच्या जेवणाची शाश्वती नव्हती, त्याच्या तोंडी ही भाषा धाडसाचीच होती. महाजनींनी तो उद्धटपणा मानला नाही. १८७५मध्ये आगरकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना पुण्याला पाठविण्यासाठी पैसे जमविणाऱ्या शिक्षकांत महाजनीच पुढे होते.

पुण्याला जाण्यावाचून गत्यंतरही नव्हते. वऱ्हाडात तेव्हा एकही महाविद्यालय नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, निघायला १९२३ साल उजाडावे लागले. मॅट्रिकनंतर शिकायचे तर घरदार सोडणे आले आणि त्यासाठी लागणारा पैसा बहुतेकांपाशी नसे.

डेक्कन कॉलेजातील पहिली वर्षे आगरकरांनी विलक्षण ओढगस्तीत काढली. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवून वर्गात जायचे. वृत्तपत्रांतील लेखन, निबंधांची बक्षिसे, शिष्यवृत्ती अशा तुटपुंज्या आधारांवर एकेक सत्र पार पडत होते. ‘वऱ्हाड समाचार’साठी केलेल्या लेखनाने त्यांना चार पैसे तर दिलेच, शिवाय पुढच्या पत्रकाराचा हातही तयार केला. १८७७मध्ये विवाह झाला, तोही विद्यार्थी असतानाच. जबाबदारी वाढली, पण १८७८मध्ये बी.ए.ची पदवी पदरात पडली.

१८७९मध्ये याच महाविद्यालयाच्या आवारात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री झाली. टिळकांचा पूर्वेतिहासही सरळ रेषेतला नव्हता. महाविद्यालयाचे पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा व्यायामाला दिले होते, आणि एम.ए.ची पदवी तर त्यांना मिळालीच नाही. हे दोन तरुण रात्र रात्र बोलत राहिले ते परीक्षांबद्दल नव्हे, तर देशातील शिक्षणाबद्दल. जानेवारी १८८०मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकरांचे एम.ए. तेव्हा व्हायचे होते. त्यामुळे या कामात ते वर्षभर मागे राहिले. पदवी घेऊनच १८८१च्या आरंभी ते शाळेत रुजू झाले. अकोल्यातील शब्द खरा झाला होता.

एम.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीत मानाचे स्थान सहज मिळत असे. वर्षानुवर्षे उपासमार सोसलेल्या घराची अपेक्षाही तीच असणार. आगरकरांनी आईला पत्र लिहून ती आशा सोडण्यास सांगितले. पोटापुरता पैसा घेऊन बाकीचा सारा वेळ लोकांच्या हितासाठी घालवायचा, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या पदवीसाठी त्यांनी एवढे सोसले, तिचा मोबदला घेण्याचे त्यांनी स्वतःहून नाकारले.

४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात १८८२मध्ये त्यांना टिळकांसह तुरुंगवास घडला. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३मध्ये प्रसिद्ध झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५मध्ये स्थापन झाले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा त्यांनी १८८७मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण या विषयांवर त्यांनी इतके निर्भीडपणे लिहिले, की सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली.

१८९२मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याच्या विकाराने शरीर तोपर्यंत पोखरून काढले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते.

आज अमरावतीला विद्यापीठ आहे आणि अकोल्यात २००२पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर होण्याचे स्वप्न घेऊन तालुक्यांतून आलेली मुले या शहरांत खोल्या घेऊन राहतात. पहिल्या चाचणीतील गुण पाहून त्यांपैकी कित्येकांचा धीर खचतो. दवाखान्यातील कंपाउंडरीपाशी अडलेला एक मुलगा याच शहरात पुन्हा शाळेच्या बाकावर बसला होता, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. त्याला खडसावणारे आणि नंतर त्याच्यासाठी वर्गणी गोळा करणारे शिक्षकही याच शहरातले होते, हे त्यांच्या शिक्षकांनीही विसरू नये.