अठरा ड्युकॅट आणि जांभळी किनार

लेन्स घ्यायची ठरली तेव्हा माझ्याकडे बारा हजार रुपये होते. इंटर्नशिपचा स्टायपेंड, त्यात दिवाळीला आजीने दिलेले. कॅमेरा एका सीनिअरकडून घेतलेला जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५. आमच्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर घारींची एक जोडी बसते. ती ५५ मिलिमीटरमध्ये डासाएवढी दिसते. म्हणून टेलिफोटो झूम हवी होती.

बारा हजारांत ७०-३०० बसते. एका मित्राच्या ओळखीतून तशी एक लेन्स दोन दिवसांसाठी हातात आली. पहिल्या दिवशी मी हवेत! रात्री फोटो लॅपटॉपवर मोठे केले आणि जमिनीवर आलो. घारीच्या पंखांना जांभळी किनार. टाकीची लोखंडी शिडी, टीव्ही केबल, कावळा, पांढऱ्या आकाशासमोर जे जे काळं होतं त्या सगळ्याला जांभळी किनार. आधी वाटलं सेन्सर गेला. रूम पार्टनरचं मत होतं की मीच हललो. दोन्ही चूक. उत्तर फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये होतं आणि ते शोधता शोधता मी एका माणसापाशी पोहोचलो. त्याच्या नावाची व्याख्या आपण सगळ्यांनी पाच मार्कांसाठी पाठ केली आहे: योझेफ फ्राउनहोफर. फ्राउनहोफर डिफ्रॅक्शनवाला! तो एके काळी माणूस होता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जन्म ६ मार्च १७८७, बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग गावी. वडील काचकाम करणारे, हा अकरावं आणि शेवटचं अपत्य. दहाव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी वडील. शाळा जेमतेम. बाराव्या वर्षी म्यूनिकमध्ये एका आरसे बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवला. पगार नाही, वर घरातली पडेल ती कामं. रविवारच्या शाळेत जायला मालकाची परवानगी नाही आणि वाचायला बसलेलं तर त्याला मुळीच खपायचं नाही.

२१ जुलै १८०१ ला मालकाचं घर कोसळलं आणि चौदा वर्षांचा योझेफ ढिगाऱ्याखाली गाडला गेला. काही तासांनी तो जिवंत निघाला. बचावकार्य बघायला खुद्द राज्याचा इलेक्टर माक्सिमिलियन आला होता (हाच पुढे बव्हेरियाचा राजा झाला). त्याने पोराला अठरा ड्युकॅट दिले, म्हणजे सोन्याची अठरा नाणी. तिथेच उट्झश्नायडर नावाचे एक राजकारणी-उद्योजक होते. त्यांनी गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तकं दिली.

इथे मी वाचायचं थांबलो होतो. अनाथ पोराच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा पैसे आलेत. त्याने काय केलं? काच घासायचं एक यंत्र घेतलं आणि उरलेल्या पैशांत मालकाकडची शिल्लक उमेदवारी सोडवून घेतली. मग व्हिजिटिंग कार्डं कोरायचा धंदा काढला. तो बुडाला. मुकाट्याने पुन्हा त्याच मालकाकडे कामाला. पैसे वाया गेले असं कुणीही म्हटलं असतं, पण यंत्र घेताना त्याने भिंगं घासायला सुरुवात केली होती आणि पुस्तकं रविवारी, चोरून, चालूच होती.

१८०६ मध्ये उट्झश्नायडर भागीदार असलेल्या म्यूनिकच्या उपकरणांच्या कारखान्यात त्याला घेतलं. तिथे थिओडोलाइट बनत. (सिव्हिलवाल्यांनो, ऐकताय ना?) मोजणीच्या उपकरणांना चांगली दुर्बीण लागते आणि दुर्बिणीला चांगली काच. ती काच आल्प्सच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न इथल्या एका बंद पडलेल्या मठात वितळवली जाई. भट्टीवर होते प्येर लुई गिनां, मूळचे स्विस सुतार. वितळलेली काच भाजक्या मातीच्या दांड्याने ढवळत राहिलं की तिच्यातले बुडबुडे आणि रेघा जातात, हा त्यांचा शोध. ऐकायला खिरीची कृती वाटते, पण मोठं, निर्दोष भिंग त्याशिवाय होत नव्हतं. कंपनीने पुढे गिनांना ही विद्या फ्राउनहोफरला शिकवायला लावली आणि भट्टी त्याच्याकडे दिली. काही वर्षांनी गिनां मायदेशी परतले. आमच्या पुस्तकात त्यांचं नावही नाही, हे मला पटत नाही.

आता जांभळ्या किनारीकडे. भिंगाची कड म्हणजे प्रिझमच. निळा प्रकाश जास्त वळतो, लाल कमी, त्यामुळे सगळे रंग एका जागी फोकस होत नाहीत. यावर उपाय आधीच होता. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं: क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि शिसं असलेल्या फ्लिंट काचेचं खोलगट भिंग एकत्र, म्हणजे एकाने फाकवलेले रंग दुसरा गोळा करतो. पण किती वक्रता द्यायची हे दोन्ही काचा रंग नेमके किती फाकवतात त्यावर ठरतं. आणि मोजायचं कसं? इंद्रधनुष्यात पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो हे कोण सांगणार? कारागीर अंदाजाने घासत, जोडून बघत, जमलं नाही की पुन्हा घासत.

फ्राउनहोफरला अंदाज चालत नव्हता. दिव्याच्या ज्योतीच्या स्पेक्ट्रममध्ये त्याला एक ठळक पिवळी रेघ दिसली होती. आपल्या सोडियम लॅम्पची तीच. तशी खूण उन्हातही मिळते का हे बघायला १८१४ मध्ये त्याने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेत बारीक फट ठेवली, दूर प्रिझम मांडला आणि प्रिझममागे थिओडोलाइटची दुर्बीण लावली. उजळ रेघेऐवजी दिसल्या काळ्या रेघा. एक-दोन नव्हे, त्याने ५७४ मोजल्या. इंग्लंडमध्ये वोलस्टनने १८०२ मध्ये अशा काही रेघा पाहिल्या होत्या, पण रंगांच्या सीमारेषा समजून सोडून दिल्या होत्या. फ्राउनहोफरने ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली आणि ताबडतोब कामाला जुंपलं. आता कोणत्याही काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स नेमक्या त्या रेघेला मोजता येत होता. अंदाज संपला.

या रेघा कशामुळे पडतात हे किरचॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये उलगडलं आणि ताऱ्यांत काय आहे ते घरबसल्या कळू लागलं. पण ज्याने त्या मोजल्या त्याला हवी होती फक्त चांगली लेन्स!

काचेच्या कॅटलॉगमध्ये आजही प्रत्येक काचेपुढे ॲबे नंबर असतो. जितका मोठा, तितकी ती काच रंग कमी फाकवते. नेहमीची क्राउन ६४ च्या आसपास, फ्लिंट ३६, फ्लोराइटचा स्फटिक ९५. हा आकडा काढायला सी आणि एफ या रेघा लागतात आणि ही अक्षरं त्यानेच दिलेली. आता गोम अशी की क्राउन-फ्लिंटची जोडी दोनच रंग एका जागी आणते. बाकीचे थोडे मागे राहतात, साधारण फोकल लेंग्थच्या दोन हजाराव्या भागाइतके. ५० मिलिमीटरला ते खपून जातं. ३०० ला ०.१५ मिलिमीटर होतात, आणि तीच माझ्या घारीच्या पंखावरची जांभळी. ते कमी करायला ईडी किंवा एलडी नावाची खास काच लागते. ती महाग, मऊ आणि घासायला नाजूक. टेलिफोटोची किंमत जाते ती तिथे.

फ्राउनहोफरचं पुढचं आयुष्य भराभर गेलं. १८२१ च्या सुमारास त्याने डिफ्रॅक्शन ग्रेटिंग बनवून तरंगलांबी मोजली. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेल्या या कारागिराला अकादमीत घ्यायला काही पंडितांचा विरोध होता, तरी तो आत गेला. १८२४ मध्ये त्याने डोर्पाटच्या वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण पाठवली. वजनावर चालणारं घड्याळी यंत्र ती ताऱ्यामागे फिरवत असे. तिच्यावर स्ट्रुवने ३११२ जोडताऱ्यांची यादी केली आणि ती १८२७ मध्ये छापली. ती दुर्बीण एस्टोनियातल्या तार्तूमध्ये अजून जपून ठेवली आहे. स्वतः फ्राउनहोफर ती यादी बघायला राहिला नाही. ७ जून १८२६ रोजी, ३९ व्या वर्षी, तो क्षयाने गेला. भट्टीपाशी काढलेल्या वर्षांनीही छाती पोखरली असणार. रेघांचं सगळं त्याने छापलं, पण काचेची कृती छापली नाही, कारण ती कंपनीचं गुपित होती. हे मला खटकतं. गिनांकडून आलेली गोष्ट तर मुळात त्याची एकट्याची नव्हतीच.

हे सगळं वाचून मी दुकानात गेलो, लॅपटॉप घेऊन. काउंटरवर दोन जुन्या लेन्स होत्या. एक जवळजवळ नवी, हात हलला तरी सांभाळून घेणारी, पण साध्या काचेची. दुसरी घासलेली, ऑटोफोकस रडतखडत, पण पुढच्या गटात खास काच असलेली. दोन्ही ३०० वर नेऊन, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, समोरच्या विजेच्या तारांचे फोटो काढले. आकाश पांढरं होतं, म्हणजे तारा झाल्या माझ्या काळ्या रेघा. दुकानदार चहा पिता पिता बघत होता. पहिलीत तारेच्या दोन्ही बाजूंना जांभळं. दुसरीत जरासं, आणि एफ-८ ला बंद केल्यावर तेही जवळपास गेलं. साडेदहा हजारांना दुसरी घेतली. उरलेल्या पैशांत एक हूड आणि चार दिवसांचा वडापाव.

हात हलतो, म्हणून गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतो. घारींनी मात्र मधल्या काळात टाकी सोडली आणि मेसच्या मागच्या निलगिरीवर घरटं बांधलं. तिकडे ३०० मिलिमीटरही कमी पडतात.