समासातील कोलरिज

इंग्रजी काव्याच्या आणि समीक्षेच्या इतिहासात सॅम्युअल टेलर कोलरिज याचे स्थान केव्हाच निश्चित झाले आहे. त्याच्या मोजक्या कविता आणि कल्पनाशक्तीविषयीचे त्याचे विवेचन आपल्या विद्यापीठांतूनही दीर्घकाळ अभ्यासले गेले. परंतु त्याच्या लेखनाचा एक मोठा भाग स्वतःच्या नव्हे, इतरांच्या ग्रंथांत विखुरलेला होता. पानाचा समास, प्रकरणाअखेर उरलेली जागा, बांधणीतील कोरी पाने, जेथे जागा सापडेल तेथे तो लिहीत असे. अशा सुमारे आठ हजार टीपा साडेचारशेच्या आसपास ग्रंथांतून संकलित होऊन १९८० ते २००१ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाल्या. समासटीपांना इंग्रजीत मार्जिनेलिया म्हणतात. हा लॅटिन शब्दही १८१९ मध्ये त्याच्याच टीपांच्या निमित्ताने इंग्रजी नियतकालिकात अवतरला. कोलरिजच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे त्याच्यावरील वाङ्‌मयचौर्याचा आरोप. या टीपा समोर ठेवल्या असता तो प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडता येतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

कोलरिजचा जन्म २१ ऑक्टोबर १७७२ रोजी डेव्हन परगण्यातील ऑटरी सेंट मेरी या गावी झाला. वडील तेथील धर्मोपदेशक आणि शाळाप्रमुख होते. १७८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी या धाकट्या मुलाची रवानगी लंडनच्या क्राइस्ट्‌स हॉस्पिटल या शाळेत झाली. तेथील एक प्रसंग त्याच्या पहिल्या चरित्रकाराने नोंदविला आहे. ग्रीक कथेतील लिअँडर समुद्र पोहून जातो, त्या कल्पनेत रंगून हा मुलगा हात मारीत रस्त्याने चालला होता. हात एका गृहस्थाच्या खिशाला लागला आणि त्याने मुलाला खिसेकापू ठरविले. खरे कारण कळताच मात्र त्याच गृहस्थाने त्याला एका फिरत्या ग्रंथालयाची वर्गणी भरून दिली. परक्याच्या मालकीला चुकून हात लागणे आणि त्यातून ग्रंथांची वाट मोकळी होणे, हा योग त्याच्या आयुष्यात पुढेही आला.

१७९१ मध्ये तो केंब्रिजला गेला. कर्ज आणि निराशा यांनी ग्रासून १७९३ च्या अखेरीस त्याने कॉम्बरबाख असे विचित्र नाव धारण केले आणि तो घोडदळात शिपाई झाला. भावांनी खटपट करून काही महिन्यांनी त्याला सोडविले. पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. त्या टोपणनावाचा विसर शाळासोबती चार्ल्स लॅम याला पडला नाही. ग्रंथ उसने नेणाऱ्यांवर त्याने १८२० मध्ये जो निबंध लिहिला, त्यात याच नावाने कोलरिज अवतरतो. ग्रंथावरील मालकी तो ग्रंथ समजण्याच्या कुवतीच्या प्रमाणात ठरते, असा सिद्धांत लॅमने विनोदाने त्याच्या माथी मारला आहे. मात्र हा ऋणको ग्रंथ परत करतो तेव्हा टीपांच्या रूपाने व्याजही चुकते करतो, अशी ग्वाहीही त्याने दिली.

या थट्टेमागील जीवन सुखाचे नव्हते. १७९८ मध्ये वर्ड्‌स्वर्थसमवेत प्रसिद्ध केलेल्या काव्यसंग्रहानंतर काही वर्षांतच कोलरिजची काव्यप्रतिभा ओसरली. विवाह विफल झाला, अफूच्या अर्काचे व्यसन जडले, आणि १८१० मध्ये वर्ड्‌स्वर्थशी असलेला स्नेहही तुटला. १८११ च्या मे महिन्यात लॅमच्या मालकीच्या जॉन डनच्या काव्यग्रंथात त्याने लिहून ठेवले, की आपण आता लवकरच मरणार आणि मग पुस्तक खराब केल्याचा मित्राला राग येणार नाही. प्रत्यक्षात तो आणखी तेवीस वर्षे जगला. पण ज्याला स्वतःचा कोणताही संकल्प तडीस नेता येत नव्हता, तो दुसऱ्याच्या पानाच्या कडेला सलग विचार करू शकत होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढ्यात दुसऱ्याचे वाक्य असले, की त्याची बुद्धी जागी होई.

१८१६ मध्ये तो लंडनजवळील हायगेट येथे जेम्स गिलमन या वैद्याच्या घरी राहावयास गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. स्नेही आता आपले ग्रंथ त्याने टीपा लिहाव्यात म्हणूनच त्याच्याकडे पाठवू लागले. आर्चबिशप लेटन यांच्या धर्मचिंतनावर टिपणे करता करता १८२५ मध्ये त्याचा एड्‌स टू रिफ्लेक्शन हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध झाला. टीकेतून ग्रंथ उभा राहण्याची ही प्रक्रिया भारतीय अभ्यासकाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. आपल्या अनेक हस्तलिखितांत मूळ मध्ये आणि टीका त्याच्या वर व खाली अशी रचना असते. कोणते शब्द कोणाचे, हे पानावरील जागाच सांगते. मल्लिनाथाने मात्र आधार नसलेले आणि अपेक्षित नसलेले काही न लिहिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले होते. कोलरिजला ते मानवले नसते. त्याच्या टीपा भांडतात, भरकटतात, कबुली देतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बायोग्राफिया लिटरेरिया हा त्याचा समीक्षाग्रंथ १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेलिंग या जर्मन तत्त्वज्ञाची कित्येक वाक्ये त्यात नाव न देता भाषांतरित केलेली आहेत. त्याच्याविषयीच्या ऋणाचा सर्वसाधारण उल्लेख ग्रंथात आहे, पण त्या त्या स्थळी नाही. १८३४ मध्ये डी क्विन्सीने आणि १८४० मध्ये फेरिअरने ही गोष्ट उघड केली. आरोप खोटा नव्हे. परंतु शेलिंगच्या ग्रंथांवरही कोलरिजच्या टीपा आहेत. त्यांत तो कोठे मान डोलावतो, कोठे कडाडून विरोध करतो. आणि तेथे चौर्य संभवतच नाही, कारण मूळ लेखक त्याच पानावर हजर असतो. समासात जो ऋणाईत प्रामाणिक राहिला, तोच स्वतःच्या ग्रंथात सीमारेषा विसरला. समजले ते आपले, हा लॅमने विनोदात सांगितलेला सिद्धांत येथे गंभीर दोष ठरला. टीपांमुळे हा दोष पुसला जात नाही; मात्र तो कोठून आला, हे कळते. परक्या विचाराशी अखंड संवाद करणे हीच ज्याची विचार करण्याची रीत होती, त्याच्या पानावरून समोरचा पक्ष हटला, की दोघांचे शब्द एकमेकांत मिसळून जात.

२५ जुलै १८३४ रोजी हायगेट येथे कोलरिजचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॅमही गेला. त्याचा पुतण्या आणि जावई हेन्री नेल्सन कोलरिज याने अनेक टीपा १८३६ ते १८३९ या काळात चार खंडांत छापल्या. बायोग्राफियाची नवी आवृत्तीही त्याने हाती घेतली होती. १८४३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते काम त्याची पत्नी, म्हणजे कोलरिजची कन्या सेरा, हिने १८४७ मध्ये पूर्ण केले. पित्याचा बचाव तिने केलाच, पण शेलिंगकडून घेतलेली स्थळेही शोधून टीपांत दाखविली. पित्याने आयुष्यभर परक्यांच्या ग्रंथांवर टीपा लिहिल्या. कन्येने पित्याच्या ग्रंथावर टीपा लिहून त्याचे राहिलेले ऋण फेडले.